आईच्या वाट्याचं रडणं

माझा भाऊ बेन्यूस गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्याच्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडली ती आमची आई नव्हती. पागिरे गावची रोझालिया होती, आणि आमच्या घराशी तिचं काही नातं नव्हतं.

ते एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल. रशियन परत येऊन चार वर्षं झाली होती. ज्या पोरांना त्यांच्या फौजेत जायचं नव्हतं ती जंगलात गेली. आधी जीव वाचवायला गेली आणि मग शपथ घेऊन राहिली. आम्ही त्यांना नुसतं 'जंगलातले' म्हणायचो. त्यांचा नायक होता, शिक्का होता, हातानं लिहिलेलं दोन पानी वर्तमानपत्र होतं. लिथुआनिया पुन्हा स्वतंत्र होणार असं त्यात दर वेळी असायचं, आणि वसंतात बाहेरून मदत येणार असंही. किती वसंत आले न् गेले.

बेन्यूस चोवीस वर्षांचा, सुतार. वडील लढाईच्या शेवटच्या वर्षी तापानं गेले होते, त्यामुळे घरी आई, मी आणि धाकटी युझे. युझे सात वर्षांची होती आणि छातीनं अशक्त, हिवाळाभर खोकायची. बेन्यूस दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा, तेही कपडे बदलायला आणि पोटभर जेवायला. ऑगस्टमध्ये शेवटचा आला. जेवता जेवता त्यानं आईला सांगितलं की मी पडलो तर तू मला ओळखायचं नाहीस. ओळखलंस तर तिघींना सैबेरियाला नेतील आणि युझे वाटेतच जाईल. चेहऱ्याचं मी बघून घेईन, असंही म्हणाला. आईनं ताट उचललं आणि डुकरांना घालायला निघून गेली. त्याचं जेवण अजून व्हायचं होतं.

ऑक्टोबरात एका मंगळवारी पागिरेच्या बाजूनं जंगलातून गोळ्यांचे आवाज आले, आणि मग एक मोठा आवाज. गुरुवारी लेपोनीचा बाजार होता. चौकात तीन जण आणून टाकलेत, ही बातमी बुधवारीच आमच्या शिलेनाईत पोचली होती.

असं काही झालं की बाजाराला जावंच लागे. ज्याच्या घरचं कुणी जंगलात आहे आणि जो गुरुवारी आला नाही, त्याचं नाव लिहून घेत. गेलं तर रडायचं नाही, न गेलं तर का गेला नाहीत म्हणून विचारणार. निघण्याआधी आईनं मला अंगणात चालून दाखवायला लावलं. "बघायचं," ती म्हणाली. "बघितलं नाही तरी संशय येतो. बघायचं, थांबायचं नाही आणि पायही भरभर उचलायचा नाही. मेलेलं घोडं बघतो तसं." मग ती स्वतः चालून दाखवायला लागली आणि मधेच थांबली. अंड्यांची टोपली उचलून म्हणाली, चल.

जुन्या औषधाच्या दुकानात तेव्हा गुप्त पोलिसांचं ठाणं होतं. त्याच्यासमोर, विहिरीजवळच्या चिखलात तिघं पडलेले. दोघांचे चेहरे दिसत होते, ते आमच्या भागातले नव्हते. तिसऱ्याला चेहरा नव्हता. हनुवटीखाली हातबॉम्ब धरून पिन ओढली की जे होतं ते झालेलं. बूट तिघांचेही काढून घेतले होते.

आमच्या घराण्यात डाव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढतो. वडिलांचा चढायचा, बेन्यूसचा चढायचा, माझाही चढतो. मी पाय बघितला आणि पुढं चालत राहिले. माझ्या पायात बूट होते, तरी आत बोटं आखडून घेतली.

पलीकडे कॅप्टन उभा होता, आणि त्याच्यासाठी दुभाषा म्हणून यूर्गिस. यूर्गिस पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, आमच्यातलाच. शाळेत बेन्यूसच्या बाकावर बसायचा. आता त्यांची बंदूक खांद्याला लावून हिंडत होता. ते एकेका बाईला थांबवून विचारत होते. आम्हालाही थांबवलं.

"आनेले, हा तिसरा कोण?" यूर्गिसनं विचारलं.

तोंडच नाही तर मी काय सांगू, असं मी म्हणाले. त्यानं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली आणि मीठ कुठल्या रांगेत मिळतंय ते त्यालाच विचारलं. त्यानं हात करून दाखवलं. कॅप्टन काहीतरी रशियनमध्ये बोलला, आणि आम्हाला जाऊ दिलं.

दहा पावलंसुद्धा गेलो नसू, मागे एका बाईचा आवाज आला. पागिरेची रोझालिया, उंच, हाडापेरानं मोठी, विधवा. एक-दोनदा बाजारात बघितलेली, एवढीच ओळख. आधी ती बाकीच्यांसारखीच त्या तिघांवरून पुढं गेली होती. मग परत फिरली, चिखलात बसली आणि ते फुटलेलं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

"पोविलास," ती म्हणाली. "माझं लेकरू रे."

आणि ती रडायला लागली. मी कितीतरी मयतांना गेले आहे, पण तसं रडणं पुन्हा ऐकलं नाही. आमच्या चौकात चार वर्षांत कुणी रडलंच नव्हतं. बाजार थांबला. कॅप्टन मात्र खूश झाला, लगेच वही मागवली. नाव, गाव, वय, सगळं त्यांनी तिला विचारून लिहून घेतलं, आणि तिनं ते रडत रडत नीट सांगितलं. शंका घ्यायचं त्यांना काही कारणच नव्हतं. खोटं बोलून सैबेरियाला कोण जातं?

आईची पाच बोटं माझ्या दंडात रुतली होती. तिनं मला मिठाच्या रांगेत नेऊन उभं केलं. आम्ही मीठ घेतलं. अंडी तशीच परत आणली, एकही फुटलं नव्हतं.

नदीवरचा पूल ओलांडल्यावर आई म्हणाली, "तिनं माझा मुलगा चोरला."

त्यामुळे आपण वाचलो, असं मी म्हणायला गेले. तिनं मला गप्प केलं. वाचलो हे तिलाही कळत होतं. पण मेलेल्या मुलाला मांडीवर घेणं हे आईचं काम, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत दुसरीनं केलं होतं.

ते तीन दिवस फार वाईट गेले. युझेला काही सांगता येत नव्हतं. लहान पोर, कुठंतरी बोलून गेली असती. शेजारीपाजारी येत-जात. आई दूध काढत होती, बटाटे उकडत होती, कुणी काही विचारलं तर उत्तर देत होती. एकदा गोठ्यात गेले तर ती गाईच्या कुशीला कपाळ लावून नुसती उभी होती, डोळे कोरडे. मला म्हणाली, येत नाही गं. अडकलंय.

रविवारी चर्चबाहेर कळलं की रोझालियाच्या घरी मुलासाठी प्रार्थना ठेवल्यात. मृतदेह काही दिला नव्हता. तिघांनाही गावाबाहेरच्या वाळूच्या खाणीत पुरलंय असं लोक कुजबुजत होते. आई घरी आली, तिनं काळी ओढणी काढली, राय या धान्याची एक भाकर आणि मेणबत्ती कापडात बांधली. कुणाच्या घरी मयत झालं की हे दोन घेऊन जायची आमच्याकडं रीतच आहे. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस, तिथं खबऱ्या असणारच.

"शोकाला गेलं तर काय गुन्हा होतो का?" ती म्हणाली. "गावंच्या गावं जातायत."

सात किलोमीटर चालून गेलो. रोझालियाच्या घरात बाकावर पांढरं तागाचं कापड पसरलेलं होतं, त्यावर कुणी नव्हतं. उशाशी क्रूस आणि दिवा. पंधरा-वीस बायका भिंतीला टेकून शोकाची स्तोत्रं म्हणत होत्या. आम्ही दाराजवळ मागं बसलो. आईनं जपमाळ काढली, पहिले दोन-तीन मणी ओढले, आणि तिला फुटलं. आधी खांदे हलले, मग आवाज बाहेर आला. तो तिला आवरेना. बायका वळून बघायला लागल्या. अनोळखी घरात कुणी अशी रडत नाही.

रोझालियानं गाणं थांबवलं आणि आईकडे बघत राहिली. मग ती उठून आमच्यापर्यंत आली. आईला तिनं कोपराला धरून उभं केलं, पुढं नेलं आणि बाकाच्या उशाशी, जिथं मयताची आई बसते तिथं बसवलं. स्वतः मागं उभी राहिली. आणि बायकांना म्हणाली, "ही माझी लांबची बहीण, शिलेनाईची. मला दूध नव्हतं तेव्हा पोविलासला हिनंच अंगावर पाजलंय. रडू द्या तिला."

शेजारी बसलेली एक म्हातारी आईचा हात हातात घेऊन बसली. आई त्या रिकाम्या कापडावर डोकं ठेवून रडली, पोटभर रडली. बायकांनी सगळी स्तोत्रं संपवली, पुन्हा पहिल्यापासून धरली.

नंतर बायका भाकरी कापायला लागल्या तेव्हा रोझालिया आईला आणि मला मागच्या कोठीत घेऊन गेली. तिथं आंबवलेल्या कोबीची पिंपं होती, आंबट वास भरलेला. तिनं दार लोटलं.

"नाव काय त्याचं?" तिनं विचारलं.

"बेन्यूस."

"मला माहीत नव्हतं कुणाचा आहे ते. चेहरा नाही एवढंच बघितलं." मग ती म्हणाली, "माहीत असतं तरी मी तेच केलं असतं. उगाच चांगली समजू नकोस मला."

तिनं मग थोडक्यात सांगितलं. पोविलास जिवंत होता. मांडीत गोळी लागली होती, एका माळ्यावर लपलेला होता, दुसऱ्या कुणाचे कागद मिळणार होते. पण पोलीस त्याच्या मागावर होते, दर आठवड्याला घराची झडती व्हायची. कागद मिळाले असते तरी ओळखणारा कुणी भेटला असता. मेलेल्या माणसाला कुणी शोधत नाही.

"तुला नेतील," आई म्हणाली.

"मी एकटीच आहे न्यायला. तुझ्या घरी किती?"

"दोन पोरी. एक आजारी."

"मग झालं तर."

आईनं पिंपाची कड धरली. "मी तुला माफ करायला आले नव्हते," ती म्हणाली.

"नको करूस," रोझालिया म्हणाली. "कोबी मात्र घेऊन जा. एक अख्खं पिंप आहे. ते येतील तेव्हा त्यांनी खावी एवढी काही वाईट झालेली नाही."

आई हसली नाही, पण पुढच्या आठवड्यात हातगाडी घेऊन गेली आणि पिंप आणलं. हिवाळाभर ती पागिरेला जात राहिली. दोघी काय बोलायच्या ते मला माहीत नाही. माझ्यादेखत तरी गाई आणि सूतकताईच बोलत.

मार्चमध्ये त्यांनी रोझालियाला नेलं. त्या आठवड्यात आमच्या तालुक्यातून कितीतरी घरं नेली. आई बोचकं घेऊन स्टेशनवर गेली, पण गाडीजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. चार महिन्यांनी सैबेरियातून पत्र आलं, वर 'प्रिय बहीण' असं. लाकूडतोडीवर आहे, तब्येत बरी आहे, सुई असेल तर पाठव. आईनं सुया पाठवल्या, खारवलेली चरबी पाठवली, वाळलेली अळंबी, लोकरीचे पायमोजे. सात वर्षं पाठवत होती. शेजारणी विचारायच्या, एवढी कोण लागते गं ती तुझी? आई सांगायची, तिच्या मुलाला मी पाजलंय. इतक्या वेळा सांगितलं की युझेला ते खरंच वाटायचं.

जंगलातले मात्र संपत गेले. एकोणपन्नास, पन्नासपर्यंत मी स्वतः त्यांच्या चिठ्ठ्या पोचवल्या, फुलं विकायच्या टोपलीतून. मग ज्यांना पोचवायच्या तेच उरले नाहीत. बाहेरून मदत आली नाही. त्रेपन्नपर्यंत आमच्या बाजूला एकही उरला नव्हता. लोक सामूहिक शेतीवर जायला लागले, मीही गेले. लग्न केलं, माझा नवरा ट्रॅक्टर चालवायचा, बोलायचा कमी.

छप्पन साली शरदात रोझालिया परत आली. उजव्या हाताची दोन बोटं करवतीनं गेली होती, दात बरेच गेले होते. पागिरेचं तिचं घर सामूहिक शेतीनं घेतलं होतं. ज्या खोलीत तो बाक ठेवलेला होता तिथं वासरं बांधली होती. परत आलेल्यांना आपल्या तालुक्यात राहायला परवानगी नव्हती. ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, दोन दिवस राहते, मग बघते.

आईनं तिला माझ्या वडिलांच्या खाटेवर झोपवलं आणि सकाळी ओढणी बांधून शेतीच्या कचेरीत गेली. मला बरोबर घेतलं. तिथं अध्यक्षाच्या खुर्चीत यूर्गिस बसलेला असायचा. बंदूक गेली होती, पोट आलं होतं. आईनं घरी गाळलेल्या दारूची बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली की माझी बहीण आलीय, तिचं नाव माझ्या घरावर लावायचंय.

यूर्गिसनं बाटली खाली ठेवली, कागद काढला. लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाला, "तेओफिले मावशी, तुमची ती बहीण नाही. आणि तुमच्या घराण्याचा पाय मला शाळेपासून माहीत आहे. नदीवर पोहायला जायचो आम्ही."

म्हणजे चौकात त्याला सगळं माहीत होतं. विचारलं तेव्हाही माहीत होतं, आणि रोझालिया रडत होती तेव्हाही.

आई जागची हलली नाही. "बूट तूच घेतलेस ना त्याचे?" तिनं विचारलं.

"मीच घेतले," तो म्हणाला. "थंडी होती."

त्यानं शिक्का मारला, कागद तिच्याकडे सरकवला. आईनं तो घडी करून छातीशी ठेवला. त्याचे आभार तिनं मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाली, या माणसाचं काय करायचं ते देवानं बघावं, मला जमायचं नाही.

रोझालिया राहिली ती राहिलीच. दोघींचं दिवसभर वाजायचं. कोबीत जिरं घालायचं की नाही, यावरून त्या दोन-दोन दिवस अबोला धरायच्या. रोझालिया म्हणायची, शिलेनाईच्या बायकांना आंबट म्हणजे काय तेच ठाऊक नाही. आई म्हणायची, सैबेरियात तुला काय मुरांबे मिळत होते काय?

पोविलासचा मात्र पत्ता नव्हता. म्हणजे तो जिवंत आहे, समुद्राकाठी क्लायपेडाला मासळीच्या कारखान्यात जाळी दुरुस्त करतो, लेओनास या नावानं राहतो, एवढं कुणाकुणाच्या मार्फत कळलं होतं. लिहिणं धोक्याचं होतं. रोझालिया सैबेरियाला गेली ती त्याच्यामुळे, हे त्यालाही कळलं होतं. तो येत नव्हता.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात आला. बसमधून उतरला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले धुरावलेले मासे. चौतीस वर्षांचा, किंचित लंगडत होता. युझे आणि माझा नवरा घरात होते म्हणून दारातच म्हणाला, "नमस्कार मावशी." रोझालियानं त्याच्याकडे बघितलं आणि हात पुसत म्हणाली, ये, हात धू. दहा वर्षांनी बघत होती मुलाला. तिनं बटाट्याचे वडे तळायला घेतले, आणि तो थांब म्हणेपर्यंत वाढत राहिली.

जेवण झाल्यावर माझा नवरा आणि युझे गवत उलटायला गेले. तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं. त्याला राग आला होता; कितीतरी वर्षं साठवून आणलेला असावा.

"मला कुणी विचारलं होतं का?" तो रोझालियाला म्हणाला. "माझे सगळे गेले. मी शपथ घेतली होती त्यांच्याबरोबर. आणि मी काय करतोय? रशियनांची जाळी शिवतोय, दुसऱ्याच्या नावानं. बायकोला माहीत नाही मी कोण आहे. पोरगी झालीय, तिला आडनाव लावलंय ते मला कधी न भेटलेल्या माणसाचं. तू मला मारून ठेवलंस."

"जन्माला घालताना तरी कुठं विचारलं होतं," रोझालिया म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तो थांबला नाही. म्हणाला, लोकांना वाटतं आम्ही सगळे संत होतो. एका गिरणीवाल्याला आम्ही खबऱ्या म्हणून मारलं आणि नंतर कळलं की तो नव्हता. तो हिशेब कुणाला द्यायचा? पोविलासला द्यायचा तर पोविलास वहीत मेलेला आहे. रोझालिया खिडकीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं आता तो उठून जाणार, आणि पुन्हा यायचा नाही.

तेवढ्यात आई बोलली. तोवर ती चुलीजवळ बसून होती.

"तू बेन्यूसबरोबर होतास का रे?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. आई कोण आहे हे त्याला माहीत होतं, पण बहुधा तिच्याकडे बघणं त्यानं दिवसभर टाळलं होतं. म्हणाला, हो. शेवटचा हिवाळा एकाच भुयारात होतो.

"मग त्याचं सांग," आई म्हणाली. "तुझं नंतर भांड. दहा वर्षं मला कुणी त्याचं काही सांगितलेलं नाही."

त्यानं सारलेलं ताट पुन्हा पुढं ओढलं. मग त्यानं सांगितलं की बेन्यूस घोरायचा. वर जमिनीवर आवाज जाईल म्हणून त्याचं नाक दाबायची त्यांनी पाळी लावली होती, आणि पोविलासची पाळी नेहमी पहाटेची. त्यानं भुयारात फळ्या ठोकून खाटा केल्या, इतक्या नीट की नायक म्हणाला, इथं काय लग्न लावायचंय? वर्तमानपत्र हातानं उतरवून काढायचं काम त्याच्याकडे आलं, तर 'स्वातंत्र्य' हा शब्द त्यानं प्रत्येक प्रतीत चुकीचा लिहिला. चूक दाखवली की म्हणायचा, आधी मिळू दे, मग शुद्ध लिहू.

आई हसली. तोंडावर ओढणीचं टोक धरून हसली, मग ते काढून हसली. म्हणाली, शाळेतही असंच होतं त्याचं, मास्तर मला बोलवून घ्यायचे. मी तिला इतकं हसताना अठ्ठेचाळीसनंतर बघितलं नव्हतं. रोझालिया खिडकीपासून वळली आणि बाकावर मुलाच्या शेजारी येऊन बसली. त्यानं तिला जागा करून दिली. पोविलास सांगत राहिला. बेन्यूसला विड्या ओढता येत नव्हत्या, बर्फात त्याला सशाचे माग वाचता यायचे, आईच्या हातची कुट्टूच्या दाण्यांची खीर तो झोपेत मागायचा. शेवटच्या मंगळवारचं आईनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

तो दोन दिवस राहिला. त्यानंतर दर वर्षी बटाटे काढायच्या वेळी यायचा. मावशी म्हणायचा दोघींनाही. रोझालियाशी त्याचं पुरतं कधी मिटलं असं मला वाटत नाही, पण यायचा. आणि आला की आधी आईसाठी बेन्यूसची एखादी गोष्ट. शेवटी शेवटी तो त्या रचून सांगायला लागला होता. आईला कळायचं. ऐकायची.

आई एकोणसत्तर साली गेली. बाकाच्या उशाशी रोझालिया बसली, आणि तिनं कुणाला विचारलं नाही. पाच वर्षांनी तीही गेली. दोघींना शेजारी शेजारी पुरलंय. युझे शिकून शाळेत शिक्षिका झाली, खोकला कधीच गेला.

मग नव्वद साल आलं आणि जे बेन्यूस चुकीचं लिहायचा ते मिळालं. वाळूची खाण खणली. हाडं निघाली. तालुक्यातल्या समितीकडे जुन्या वहीतली नावांची यादी होती, तीत पोविलास होता, बेन्यूस नव्हता. पोविलास सहासष्ट वर्षांचा होता. तो स्वतः समितीपुढे गेला आणि म्हणाला, हा मी नाही. त्यांना आधी वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. मी साक्षीला गेले. मग क्रूसावर माझ्या भावाचं नाव आलं. पोविलासला आपल्या नावाचे कागद मिळायला आणखी अडीच वर्षं लागली. बायकोला सगळं सांगायला त्याहून जास्त कष्ट पडले, असं तो सांगतो. ती चार दिवस बोलली नाही आणि मग विचारलं, तुला हाक काय मारू?

आता बायको गेल्यावर तो लेपोनीलाच मुलीकडे येऊन राहिलाय. आम्ही दोघं दर महिन्याला दवाखान्यात भेटतो, रक्तदाब मोजायला. नर्स दारात येऊन त्याच्या खऱ्या नावानं हाक मारते, आणि तो शांत बसून राहतो, इकडेतिकडे बघतो. तिसऱ्या हाकेला मी त्याला कोपर मारते. "ऊठ, तुला बोलावतायत."

"हो का?" तो म्हणतो, आणि काठी शोधायला लागतो.